आमची वाटचाल : शिट्टी कुठून येते?

आमच्या वर्कशॉपच्या पाटीवर ‘डिझेल पंप व टर्बो दुरुस्ती’ असं लिहिलंय. खरं तर ‘आवाज ओळखून मिळतील’ असं लिहायला हवं होतं. इतक्या वर्षांत आम्ही जेवढे टर्बो बसवले असतील, जवळपास तेवढीच गिऱ्हाइकं ‘तुमचा टर्बो चांगला आहे, ही क्लिप आवळून घ्या आणि जावा’ असं सांगून परत पाठवली. त्या दिवशी गल्ल्यात काही पडत नाही. पण तोच माणूस पुढच्या सीझनला चुलत्याचा ट्रक घेऊन येतो.

सुरुवात १९९७ च्या दसऱ्याला झाली, सांगलीत कोल्हापूर रोडला, भाड्याच्या एका गाळ्यात. मी आयटीआय करून मामांच्या गॅरेजमध्ये चार वर्षं पाने पुसले होते. मामांच्या ओळखीनं पंप कॅलिब्रेट करायचा एक जुना बेंच हप्त्यावर मिळाला. ट्रॅक्टरचे पंप, नोझल, कधी बोअरच्या गाडीचा कॉम्प्रेसर, असं काम. ऊस सुरू झाला की जेवायला फुरसत नाही आणि उन्हाळा संपला की माश्या मारत बसायचं. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार काही नाही.

टर्बो तेव्हा नवलाई होती. टाटाच्या ट्रकवर ६९७ टीसी इंजिन दिसायला लागलं होतं आणि त्यातल्या ‘टीसी’चा (म्हणजे टर्बोचार्ज्डचा) अर्थ आमच्याकडचे ड्रायव्हर ‘टॉप क्लास’ असा सांगायचे. वस्तू तशी साधी. सायलेन्सरकडे वाया निघालेल्या गॅसच्या जोरावर एक चाक फिरतं, त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचं चाक हवा ओढून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, म्हणून जास्त डिझेल नीट जळतं, म्हणून जास्त ताकद. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या इंजिनिअरनं याचं पेटंट १९०५ सालीच घेतलं होतं. कोल्हापूर रोडच्या गाळ्यापर्यंत यायला त्याला नव्वदेक वर्षं लागली.

वस्तू साधी, पण वेग भयंकर. ट्रकचा टर्बो मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो, छोट्या गाड्यांचा दोन लाखांच्याही पुढं जातो. एवढ्या वेगात शाफ्ट बुशला, म्हणजे तो ज्यात फिरतो त्या धातूच्या कड्याला, टेकत नाही, मधल्या ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगतो. तो पापुद्रा काही सेकंद जरी तुटला तरी बुश गेले, शाफ्ट हलला, चाक घराला घासलं. मग गाडी ओरडते.

२००१ साली उस्ताद आमच्याकडे आले. मिरजेचे. घर सतारमेकरांच्या शेजारी, त्यामुळं लहानपण तंबोऱ्यांच्या आवाजात गेलेलं. स्वतः कधी तार छेडली नाही, पण बोलण्यात ते शब्द यायचे. बुश खिळखिळे झालेल्या टर्बोला ते ‘याची जवारी गेली’ म्हणायचे; जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या तारेला घोडीवर येणारी गुंज. त्यांच्याकडे एक लांब स्क्रूड्रायव्हर होता, लाकडी मुठीचा. त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. दुसरा हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे. मी स्टेथोस्कोप आणला तर म्हणाले, “डॉक्टर झालास होय?”

आता ती गोष्ट, जी सांगायला मला अजून जड जातं.

२००६ चा सीझन. पलूसकडचा उसाचा ट्रक आला. टर्बोतून सायरनसारखा आवाज, निळा धूर. उघडला तर बुश संपलेले, चाकाच्या पात्यांची टोकं घासून चकचकीत झालेली. नवीन टर्बो मागवला आणि रात्री मीच बसवला. उस्ताद घरी गेले होते, ट्रकमालक डोक्यावर उभा होता, कारखान्यावर नंबर लागलेला. आठव्या दिवशी तोच ट्रक दोरीनं ओढत परत आला. नवा टर्बो जाम.

ट्रकमालक काही बोलले नाहीत. बाकावर बसून तंबाखू मळत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

उस्तादांनी टर्बो काढला. आत न बघता आधी ऑइल येतं त्या पाईपचा जोड उघडला आणि वाकडी तार घालून काहीतरी ओढून बाहेर काढलं. माझ्या तळहातावर ठेवलं. लाल रंगाची, शेवईएवढी जाड, नखाएवढी लांब. पॅकिंग गळू नये म्हणून घाईत मी त्या जोडाला गॅस्केटची पेस्ट लावली होती. बोल्ट आवळल्यावर जादाची पेस्ट आत दबली, वाळली, सुटली आणि ऑइलच्या बारीक भोकात जाऊन बसली. सात दिवस टर्बो अर्धपोटी चालला, आठव्या दिवशी मेला. उस्ताद एवढंच म्हणाले, “याला भाकर देणारं दार तूच लिंपलंस.”

दुसरा टर्बो माझ्या खर्चानं बसला. त्या महिन्याचं गाळ्याचं भाडं बायकोच्या भिशीतून गेलं. तेव्हापासून ऑइलच्या जोडाला आमच्याकडे कोरडं पॅकिंग आणि फक्त कोरडंच पॅकिंग. शिवाय येणारा पाईप आणि परत जाणारा पाईप दोन्ही उघडून साफ केल्याशिवाय नवा टर्बो खोक्यातून बाहेर निघत नाही. परतीचा पाईप तुंबला तर ऑइल उतरायला जागा राहत नाही, ते सीलमधून हवेच्या बाजूला शिरतं आणि सगळे म्हणतात सील गेलं. सील बिचारं ठणठणीत असतं.

आणि एक वही सुरू झाली. गाडी, तारीख, आवाज कसा, आणि शेवटचा रकाना : ‘का गेला?’ तो रकाना भरल्याशिवाय बिल करायचं नाही, हा बायकोचा नियम. हिशेब तीच बघते, त्यामुळं नियम मोडता येत नाही.

वही भरत गेली तसं एक लक्षात आलं. गिऱ्हाईक ‘टर्बो वाजतोय’ म्हणून येतं तेव्हा बऱ्याचदा टर्बो वाजतच नसतो. सगळ्यात जास्त सतावतो तो फुसफुस-शिट्टी असा आवाज. लोडवर वाढतो, पाय सोडला की लगेच बंद. सोबत काळा धूर आणि ‘पिकअप मेला’ ही तक्रार. तो बहुतेक टर्बोच्या पुढच्या होजचा (रबरी पाईपचा) किंवा कोंबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचा लीक. कोंबलेली हवा बाहेर पळते, डिझेल मात्र तेवढंच पडतं, म्हणून धूर. सकाळी गार इंजिनावर फटफट करणारा आणि गरम झाल्यावर गप्प बसणारा आवाज म्हणजे मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या लोखंडी पाईपचं, पॅकिंग. लोखंड तापून फुगलं की फट मिटते, पण जोडाजवळची काजळी खरं सांगते. रेस सोडताना घुर्र-घुर्र झालं की आधी एअर फिल्टर बघा. माझा एक गिऱ्हाईक हळदीची पोती वाहायचा, त्याच्या फिल्टरमधून स्वयंपाकाला महिनाभर पुरेल एवढी हळद निघाली. कधी आवाज पट्ट्याच्या पुलीचा किंवा अल्टरनेटरच्या बेअरिंगचाच असतो. पट्टा काढून क्षणभर इंजिन चालवलं की भांडण मिटतं. अल्टरनेटर टर्बोच्या बाजूला असेल तर भले भले फसतात, मीही फसलोय.

खरा टर्बोचा आवाज ओळखायची खूण वेगळी आहे. रेस सोडली की इंजिन खाली येतं, पण तो आवाज मागे रेंगाळतो, कारण चाक अजून फिरत असतं. इंजिन बंद केल्यावर टर्बो थांबता थांबता खरखर ऐकू आली तर चाक घासतंय. मग हवेकडचा पाईप काढून, इंजिन बंद असताना, शाफ्ट बोटांनी हलवून बघायचा. आडवा थोडा हलणारच, ऑइल नसताना तेवढी जागा असते. पुढं-मागं मात्र तो जेमतेम केसाच्या जाडीएवढा हलावा. बोटाला ‘टक’ असं स्पष्ट जाणवलं की डायल लावायचीही गरज नाही. हे चालू इंजिनावर कुणी करू नका. आमच्या एका पोराच्या हातातली चिंधी चालू टर्बोनं ओढून घेतली होती. बोटं वाचली, चाक गेलं.

आवाज काढून दाखवायला लोड लागतो, ही आमच्याकडची मोठी अडचण. साताऱ्याच्या मिस्त्रीला खंबाटकी घाट आहे. सांगली पडली सपाट. उभ्या गाडीची कितीही रेस करा, टर्बो पुरता दमत नाही. म्हणून आम्ही गाडी भरलेली असेल तेव्हाच या म्हणतो, नाहीतर दंडोबाच्या डोंगरापर्यंत चक्कर होते. सीझनमध्ये मी कित्येकदा उसानं भरलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये, खिडकीतून डोकं बाहेर काढून, कारखान्याच्या रांगेपर्यंत गेलोय.

२०१७ च्या एप्रिलपासून देशभर गाड्यांच्या धुराचा बीएस-४ हा नियम आला, २०२० ला बीएस-६. टर्बोत हलणारी पाती आली, सेन्सर आले. भाचा डिप्लोमा करून आला आणि स्कॅनर घ्यायचा हट्ट धरला. घेतला. जतहून एक पिकअप आली, दोन ठिकाणी फिरून. एका ठिकाणी टर्बो बदललेला, दुसऱ्या ठिकाणी ती पाती हलवणारा ॲक्च्युएटर. शिट्टी तशीच. स्कॅनरनं पी०२९९ हा कोड दाखवला, म्हणजे हवेचं प्रेशर कमी पडतंय. भाचा खूश. उस्ताद म्हणाले, “हे तर ड्रायव्हर पण सांगतोय. कुठं, ते विचार तुझ्या मशीनला.”

मग त्यांनी आपलं झाकण काढलं. प्लॅस्टिक पाईपला लावतात ती चार इंची टोपी, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवलेला. हे टर्बोच्या तोंडाला क्लिपनं आवळायचं आणि कॉम्प्रेसरनं हळूहळू एक किलोपर्यंत हवा भरायची. कपडे धुवायच्या साबणाचा फेस प्रत्येक जोडावर लावला. काहीच नाही. उस्तादांनी भाच्याला गाडीखाली झोपवलं आणि होजची खालची बाजू चोळायला लावली. इंटरकूलरकडच्या वळणावर, क्लिपपासून दोन बोटं अलीकडे, एक बुडबुडा आला. मोठा झाला, फुटला, पुन्हा आला. हवा सोडली की रबर मिटून जायचं, वरून हात फिरवला तर चीर लागायचीही नाही. होज बाराशेचा. गाडीमालकानं आधी किती घातले होते ते मी विचारलं नाही, त्यानंच सांगितलं. मग चहा मागवला, त्याचे पैसेही त्यानंच दिले.

त्या दिवसापासून भाचा आणि उस्ताद एकाच डब्यात जेवतात.

मधे २०१९ चा महापूर. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, त्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांवर गेली. आमच्या गाळ्यात छातीएवढं पाणी चार-पाच दिवस होतं. कर्ज काढून घेतलेलं बॅलन्सिंगचं मशीन बुडालं, बेंच बुडाला. वह्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात होत्या. एकेक पान वेगळं करून गच्चीवर वाळवलं. मी जेल पेननं लिहिलेलं सगळं निळं पाणी होऊन गेलेलं, आणि उस्तादांनी सुताराच्या पेन्सिलीनं लिहिलेली अक्षरं जशीच्या तशी. ‘पलूस. पेस्ट.’ ही नोंद नेमकी त्यांच्या हातची निघाली.

पुरानंतर दोन महिने दुसरं कामच नव्हतं. पाणी ओसरल्यावर न उघडता स्टार्टर मारलेल्या गाड्या रांगेनं आल्या. ऑइलमध्ये पाणी, टर्बोत गाळ, रेती चावल्यासारखा आवाज. ज्यांनी धीर धरून आधी ऑइल काढलं, हवेचे पाईप उघडून धुतले, त्यांतले बरेच टर्बो वाचले. त्या पैशातून आणि मेहुण्याच्या मदतीनं आम्ही कुपवाड एमआयडीसीत उंचावर शेड घेतलं. आता वह्या माळ्यावर असतात आणि मीही पेन्सिलच वापरतो.

आज आम्ही सात जण आहोत. लोक आवाज व्हॉट्सॲपवर पाठवतात. फोनवर सगळ्याच गाड्या पिठाच्या गिरणीसारख्या ऐकू येतात, तरी मी ऐकतो. उस्तादांचं वय झालं. आयुष्यभर डिझेलशेजारी काढल्यावर बारीक, उंच आवाज त्यांना आता लागत नाहीत. स्क्रूड्रायव्हर अजून हाडाला लावतात. म्हणतात, “शिट्टी तू ऐक, गुरगुर माझ्याकडं.” कामाची वाटणी तशीच झाली आहे.

सध्या अथणीकडच्या एका ऊसतोड मशीनचा घोळ चालू आहे. ऑपरेटर सांगतो, पहाटे सुरू केलं की वाजतं आणि ऊन वर आलं की बंद. दोनदा माणूस पाठवला, दोन्ही वेळा तो नऊला पोचला आणि मशीन शहाण्यासारखं गप्प. माझा संशय मॅनिफोल्डवर आहे, उस्ताद पट्ट्याची पुली म्हणतात, भाच्याला स्कॅनर न्यायचाय. भडंगाच्या पुड्याची पैज लागली आहे. ऑपरेटर म्हणाला, “साडेपाचच्या आत या, मशीन गार असतंय.” म्हणून आज रात्री आम्ही तिघंही तिकडंच मुक्कामाला निघालोय. झाकण, साबण आणि स्क्रूड्रायव्हर पिशवीत भरून झालेत.