केळी, राख आणि कांडेचोर

शुक्रवार

पहाटे कोंबडा आरवला नाही. पडवीतलं खुराडं उघडलं तर तीन कोंबड्या मरून पडलेल्या, चौथीचा पत्ताच नाही. कोंबडा कोपऱ्यात अंग चोरून उभा, शेपटीची निम्मी पिसं गायब. तिघींच्याही मानेला दात लागलेले, बाकी अंगाला धक्का नाही. न्यायची एकच होती तर तिघींना मारलं कशाला, यावर सकाळभर चिडचिड केली. पण बंद खुराड्यात पळायला वाट नसते, अंधारात कोंबडीला धड दिसत नाही, आणि पुढ्यात फडफड चालू राहिली की जनावर चावतच सुटतं. उघड्यावर असत्या तर एक गेली असती, बाकीच्या उडून फांदीवर बसल्या असत्या.

खुडूक कोंबडी तेवढी वाचली. आईंनी (सासूबाई) तिला माजघरात डाल्याखाली ११ अंडी देऊन बसवलंय. आज सोळावा दिवस, अजून पाच बाकी.

मी म्हटलं, मुंगूस असणार. आईंनी हातातली केरसुणीही खाली ठेवली नाही. "अगो, मुंगूस रातचो खंय फिरता?" खरंच की. तो दिवसाउजेडी येणारा. आम्ही उगाच त्याच्या नावाने शंख करत होतो.

शनिवार

काल रात्री चुलीतली राख चाळून खुराड्याभोवती पसरली होती. सकाळी पाहिलं तर राख तशीच, कुत्र्याचंसुद्धा पाऊल नाही. पडवीच्या आतल्या भिंतीवर मात्र राखेऐवजी जुनी धूळ होती आणि तिच्यात ठसे. पाच बोटं. मांजराची चारच उमटतात. वर पाहिलं तर एक कौल सरकलेलं.

कांडेचोर! पुण्यात असताना उदमांजर हा शब्द वाचलेला, इथे त्याला कांडेचोर म्हणतात. गेले दोन महिने माळ्यावर रात्री धपधप व्हायची, ती मांजरं समजून आम्ही कूस बदलून झोपत होतो. परसात दगडावर सापडणारी विष्ठाही त्याचीच, भेरली माडाच्या बियांनी भरलेली. म्हणजे चोर आमच्याच छपराखाली भाड्याशिवाय राहत होता आणि आम्ही कुत्री, कोल्हा येऊ नयेत म्हणून खालून दगड रचत होतो.

शेजारचे काका म्हणाले, फासकी लावूया. नको म्हटलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मारता येत नाही हे एक, आणि डुकरांसाठी लावलेल्या फासकीत बिबटे अडकल्याच्या बातम्या आपल्याकडे काय कमी येतात? काका जरा रुसले.

रविवार

दिवसभर वेल्डमेश ठोकली, अर्ध्या इंचाच्या चौकोनांची. आधीची षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवायला ठीक, बाहेरच्याला अडवायला कुचकामी. मऊ तार, दातांनी ओढली की वाकते. या वेळी वरची बाजूही बंद केली. दाराला नुसती कडी होती, तिला तार पिळली. एक बोट चेचलं.

संध्याकाळी चहा पिताना आई पडवीकडे बघत बसल्या होत्या. खुराड्याच्या बरोबर वर, वाशाला केळ्यांचा घड टांगलेला. पिकायला मीच लावला होता. खालच्या फणीतली केळी आठवडाभर अर्धवट खाल्लेली दिसत होती आणि मी दोष दिला होता वटवाघळांना. तो आला केळ्यांसाठी. खाली वाकून बघितलं तर कोंबड्या.

आई काही बोलल्या नाहीत. नुसत्या घडाकडे आणि मग माझ्याकडे बघितल्या. ते बोलण्यापेक्षा वाईट.

मंगळवार

दोन रात्री माळ्यावर धपधप आहे, खुराडं शांत आहे. घड आता आमच्या झोपायच्या खोलीत, खाटेखाली पिकतोय. वास इतका की डोकं उठलंय, नवरा बाहेर ओसरीवर झोपायला गेला.