पीएचडीची वर्षं जातात कुठे?

लग्नकार्यात मावश्या विचारतात, बीएस्सीची मुलंही विचारतात: रेण्वीय जीवशास्त्रात पीएचडीला पाच-सहा वर्षं कशाला लागतात? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

समजा, पेशीतलं एक जनुक बंद केलं तर काय होतं, हे पाहायचंय. त्यासाठी एसआयआरएनए नावाचे आरएनएचे छोटे तुकडे पेशीत सोडायचे. ते त्या जनुकाचा निरोप्या आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याची सूचना नेणारी प्रत, कापून टाकतात. दोन-तीन दिवसांत पेशींची वाढ मंदावलेली दिसते. मावशीच्या हिशेबाने शोध लागला!

पण वाढ मंदावली ती जनुक बंद झाल्यामुळे, की बाहेरून काही घुसवल्याच्या धक्क्याने? म्हणून कशालाच न लागू पडणारा एसआयआरएनए वापरून तोच प्रयोग. त्याने भलतंच जनुक बंद पाडलं असेल तर? म्हणून त्याच जनुकाच्या वेगळ्या भागाला लागू पडणारा दुसरा. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिन किती आहे ते पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) त्या जनुकाच्या प्रथिनाची पट्टी फिकी आली, पण नमुनाच कमी भरला नव्हता ना? म्हणून शेजारी अॅक्टिनची, म्हणजे सगळ्या नमुन्यांत साधारण सारखंच असणाऱ्या प्रथिनाची, पट्टी. सगळं तीनदा, वेगवेगळ्या दिवशी.

मग रेस्क्यू. बंद केलेलं जनुक परत घालून पेशी ताळ्यावर येतात का, ते पाहायचं. मात्र परत घातलेलंही एसआयआरएनए कापेलच! म्हणून प्रथिन तेच राहील, पण डीएनएची अक्षरं बदलतील, असं जनुक बनवावं लागतं. म्हणजे क्लोनिंग: पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं), जेल (तुकडे आकारानुसार वेगळे करणं), रात्रभर लायगेशन (तुकडे जोडणं), ४२ अंशांचा झटका देऊन ई. कोलाय या जिवाणूमध्ये प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं कडं) घालणं, सकाळी प्लेटवर कॉलन्या (जिवाणूंचे ठिपके) शोधणं, सिक्वेन्सिंग (अक्षरं वाचून तपासणं). ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, तरी सगळं सुरळीत झालं तर आठवडा. एन्झाइम संपलं असेल, तर ते येईपर्यंत थांबा.

माझ्या मते वर्षं जातात ती अशी, स्वतःच्याच निकालावर शंका घेण्यात. मला त्यातच मजा येते, हे मावश्यांना पटत नाही.

पुढचा प्रश्न पगाराचा. २०२३ पासून जेआरएफला (ज्युनियर रिसर्च फेलो) महिना ३७,००० रुपये आणि नंतर एसआरएफला (सीनियर रिसर्च फेलो) ४२,०००, वर घरभाडं. मात्र ही फेलोशिप पाच वर्षांची. सहाव्या वर्षी कोणी मार्गदर्शकांच्या प्रकल्पातून पैसे घेतं, कोणी घरून. मुलांनो, लॅब निवडण्याआधी तिथल्या सीनियरना हे बिनदिक्कत विचारा.