पिशवी साफ झाली, पण उपचार संपला नाही

पाळी चुकलेली, उलट्यांनी जीव नकोसा झालेला, पोट दिवसांच्या मानाने मोठं, अंगावरून रक्त जातंय आणि गरोदरपणाची लघवीची पट्टी मात्र निगेटिव्ह. अशा वेळी मी पट्टीवर विसंबत नाही. त्याच लघवीत पाणी घालून ती शंभरपट पातळ करते आणि पुन्हा थेंब टाकते. एचसीजी, म्हणजे पट्टी जे गरोदरपणाचं हार्मोन ओळखते ते, अफाट वाढलेलं असलं की पट्टी फसते. पातळ केल्यावर दुसरी रेघ ठसठशीत उमटते. सोनोग्राफी लांब असते तिथे एवढ्यानेही संशय पक्का होतो.

हा संशय मोलर प्रेग्नन्सीचा, म्हणजे द्राक्षगर्भाचा: पिशवीत नीट गर्भाऐवजी द्राक्षांच्या घोसासारखे फुगे वाढतात. सक्शनने पिशवी साफ केली की बाईला बरं वाटतं आणि माझी काळजी तिथून सुरू होते. पूर्ण मोलनंतर, म्हणजे ज्यात गर्भ तयारच झालेला नसतो अशा द्राक्षगर्भानंतर, साधारण 15 ते 20 टक्के जणींमध्ये उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात. दर आठवड्याला एचसीजी, सलग तीनदा नॉर्मल येईपर्यंत, मग काही महिने महिन्यातून एकदा. जिला काही त्रास उरलेला नाही आणि प्रत्येक खेपेला जिची मजुरी बुडते, तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? तरी सांगते, घरच्यांना शेजारी बसवून. मधल्या काळात दिवस राहू द्यायचे नाहीत, कारण नव्या गर्भाचं एचसीजी जुना आजार झाकून टाकतं. गर्भनिरोधक गोळ्या चालतात, हेही तेव्हाच सांगते.

एवढं सगळं सांगते, कारण हा आजार वेळेत सापडला तर बरा होतो. मेथोट्रेक्सेट या औषधाने कोरिओकार्सिनोमा, म्हणजे अशाच पेशींचा कॅन्सर, आटोक्यात आल्याचं 1956 मध्येच प्रसिद्ध झालं. कमी धोक्याच्या गटातल्या जवळजवळ सगळ्याजणी आज बऱ्या होतात, बहुतेकींची पिशवीही राहते. औषध जुनं आहे, दंडात देता येतं. रक्तपेशी, लिव्हर आणि किडनीच्या तपासण्यांची सोय मात्र हवीच.

मला राग येतो तो बादलीत गेलेल्या तुकड्याचा. गर्भपातानंतर पिशवीतून निघालेलं तपासायला न पाठवता टाकून देतात. मग काही महिन्यांनी तीच बाई खोकल्यातून रक्त पडतंय म्हणून येते, एक्स-रेत फुप्फुसात पसरलेल्या याच आजाराचे गोल डाग दिसतात आणि टीबी समजून टीबीच्या गोळ्या सुरू होतात. मूल होण्याच्या वयातली बाई असेल तर त्याआधी लघवीची पट्टी करा.

आणि तपासताना योनीत पसरलेल्या या आजाराची निळसर-जांभळी गाठ दिसली, तर तुकडा घ्यायला जाऊ नका. ती इतकी रक्ताळलेली असते की छोट्या दवाखान्यात रक्त थांबवणं कठीण होतं. आहे तशी ठेवा, एचसीजी करा आणि मोठ्या हॉस्पिटलला फोन लावा.