कोरड्या घशाने पाहिलेली ब्रुअरी

गाडी परत मलाच चालवायची होती. क्राफ्ट ब्रुअरी, म्हणजे बिअर बनवणारा छोटा कारखाना, बघायला जायचं, ते मित्राला घेऊन, आणि चाखायचं फक्त त्याने! निघतानाच मी जरा फुगलो होतो.

दार उघडताच ओल्या, गरम धान्याचा वास आला. बिअरचा मात्र मागमूस नव्हता. सकाळीच घाणा लागला होता. सातू भिजवून, मोड आणून, वाळवून त्याचा माल्ट होतो. तो भरडून मोठ्या टाकीत गरम पाण्यात कालवला होता. तापमान 66 अंश. तासाभरात धान्यातलीच विकरं पिठाची साखर करतात. चारपाच अंशांनी पारा चढला, तर यीस्टला (साखर खाऊन अल्कोहोल करणाऱ्या सूक्ष्म जिवाला) न पचणारी साखर जास्त उरते आणि बिअर अंगाने जड होते. भरड बारीक का नाही, असं मी विचारलं. ब्रुअरने मूठभर भरडा हातावर ठेवला. टरफलं जवळजवळ अख्खी होती. त्यांचाच थर पुढे गाळणी होतो. पीठ केलं तर सगळं लगद्यासारखं बसतं आणि थेंब खाली उतरत नाही.

मग त्यांनी टाकीखालच्या नळातून कपभर रस काढून माझ्या हातात दिला. "हा तुम्ही घ्या. यात अजून अल्कोहोल नाही." याला वर्ट म्हणतात. गोड म्हणजे किती गोड! ओठ चिकटले. त्या दिवशी मी प्यायलो ते एवढंच, आणि खरं सांगायचं तर मित्राच्या चारही ग्लासांपेक्षा मला तेच जास्त आठवतं.

पुढे हा रस तासभर उकळतो आणि त्यात हॉप्स, म्हणजे एका वेलीची कडसर फुलं, पडतात. सुरुवातीला टाकले की कडूपणा उतरतो, शेवटी टाकले की सुगंध राहतो. कारण सुगंधी तेलं वाफेबरोबर उडून जातात. हॉप्सच्या हिरव्या गोळ्या बोटांत चुरडून बघितल्या तर राळ आणि संत्र्याची साल एकदम नाकात शिरली. हात दोनदा धुतले तरी वास गेला नाही.

इथे मित्राने आपलं ज्ञान पाजळलं. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या 1516 च्या बिअरच्या नियमात सातू, हॉप्स आणि पाणी एवढंच आहे, म्हणाला. ब्रुअर हसले. "आणि यीस्ट?" त्या काळी यीस्ट म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. बिअरच्या यीस्टचं शुद्ध बियाणं वेगळं काढलं ते 1883 मध्ये, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने. मित्र पुढची दहा मिनिटं गप्प.

सगळ्यात जास्त वेळ मात्र कशात जात असेल? धुण्यात! उकळलेला रस थंड झाला की त्यात काहीही वाढू शकतं, म्हणून पुढची प्रत्येक नळी, झडप, टाकी आधी कॉस्टिक सोड्याने धुवायची, मग निर्जंतुक करायची. गमबूट घातलेला एक मुलगा आम्ही होतो तेवढा वेळ पाइपच धूत होता.

आंबवण्याच्या टाकीतून निघालेली नळी पाण्याच्या बादलीत बुडवली होती आणि बादली बुडबुडत होती. मला त्या कपातल्या गोडव्याचं काय होतं ते बघायचं होतं. ब्रुअरने वही दाखवली: पहिल्या दिवशी रसाची घनता पाण्याच्या 1.050 पट, दहाव्या दिवशी 1.010. मधली साखर यीस्टने खाल्ली. निम्मी वायू होऊन बादलीतून गेली, बाकीचं साधारण 5 टक्के अल्कोहोल.

"गोड लागतेय का रे?" मी मित्राला विचारलं.

"छे! कडू आहे. मस्त कडू."

निघताना त्यांनी मित्राच्या बागेतल्या खतासाठी पिशवीभर चोथा दिला. तो आम्ही डिकीत विसरलो. दुसऱ्या दिवशी दुपारी डिकी उघडली आणि आंबूस भपक्याने मी दोन पावलं मागे सरलो. मित्राला फोन लावला, "तुझी बिअर तयार झालीय, येऊन घेऊन जा."