बेल्ट नवा टाकला तरी जळक्या रबराचा वास का येत होता

जळक्या रबराचा वास आला की पहिल्यांदा वाटतं बाहेरून येतोय, कुणीतरी टायर जाळत असेल किंवा पुढच्या ट्रकचा असेल. मी पण दोन दिवस तेच समजत होतो. तिसऱ्या दिवशी रस्ता मोकळा, काचा बंद, एसी चालू, आणि चढ लागल्यावर वास भसकन आत आला. आई मागे बसली होती, ती म्हणाली अरे काहीतरी जळतंय, आधी थांबव गाडी.

थांबवली, बोनेट उघडलं, धूर वगैरे काही नाही. गॅरेजमध्ये दाखवली तर इंजिनचा बेल्ट (एसी, अल्टरनेटर वगैरेंच्या पुल्या फिरवणारा रबरी पट्टा) घासलाय म्हणाले, नवीन टाकला, वास गेला. महिनाभर बरं होतं आणि मग परत तोच वास. तेव्हा खरंच काळजी वाटली कारण गाडीत घरचे सगळे बसतात आणि नवीन बेल्ट महिन्यात जळायला लागला म्हणजे बेल्टचा दोष नाही, बेल्टला कोणीतरी जाळतंय.

मग मी ठरवलं की आता कुठलाही पार्ट बदलायच्या आधी वास नक्की कधी येतो ते लिहून काढायचं. मोबाईलमध्ये आठवडाभर नोंद केली, एसी चालू होता का, चढ होता का, ब्रेक जास्त लागले का, इंजिन गार होतं की गरम. आणि खरं सांगतो, अर्धं निदान तिथेच झालं.

कारण वास जवळपास सारखा वाटला तरी तो येण्याची वेळ वेगळी असते. क्लच घसरत असेल तर चढावर किंवा ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर चालवल्यावर येतो, ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएम (इंजिनच्या फिरण्याचा वेग) वाढतो पण गाडी त्या मानाने पळत नाही. तो वास थोडा जळक्या कागदासारखा असतो. ब्रेक जाम असेल तर एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम लागतं, गाडी ओढल्यासारखी चालते (रिमला हात लावू नका, नुसता जवळ नेला तरी कळतं). टायर आतल्या प्लास्टिकला घासत असेल तर स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा गाडी भरलेली असताना येतो आणि आत घासल्याची चकचकीत खूण दिसते. व्हॉल्व्ह कव्हरच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) गॅस्केटमधून ऑइल गळून गरम एक्झॉस्टवर पडत असेल तर गाडी थांबल्यावर जास्त जाणवतो. आणि कधीकधी तर रस्त्यावरची प्लास्टिकची पिशवी सायलेन्सरच्या पाइपला चिकटलेली असते, बाकी काहीच नसतं, म्हणून खाली वाकून बघायचं.

वायर जळत असेल तर मात्र शोधत बसायचं नाही. जळक्या प्लास्टिकसारखा उग्र वास, लाईट मिणमिणणं, एखादा फ्यूज परत परत उडणं, असं काही असेल तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना खाली उतरवा. बोनेटमधून धूर येत असेल तर ते उघडायला जाऊ नका, हवा मिळाली की आग भडकते.

माझ्या नोंदीत सरळ दिसत होतं की एसी चालू असेल तरच वास, चढावर जास्त, आणि सकाळी गार इंजिन चालू करताना दोन सेकंद चीं असा आवाज. एसी लावला की कॉम्प्रेसरचा लोड बेल्टवर येतो, बेल्टला पुरेसा ताण नसेल तर तो पुलीवर घसरतो, घसरला की तापतो आणि रबर जळतं. बोनेटमधली हवा काचेखालच्या जाळीतून ब्लोअर आत ओढतो म्हणून वास थेट केबिनमध्ये येतो. रीसर्क्युलेशन (बाहेरची हवा न घेता केबिनमधलीच हवा फिरवणं) लावल्यावर माझ्या गाडीत वास कमी व्हायचा, म्हणजे उगम बाहेर आहे हे तिथेच कळलं होतं.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर टॉर्च घेऊन बघितलं. पुल्यांच्या आसपास काळी भुकटी पडलेली आणि महिन्यापूर्वीच्या बेल्टच्या आतल्या खाचा चकचकीत, काचेसारख्या झालेल्या. चिरा नव्हत्या, पण त्यावर जाऊ नका, हल्लीचे ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे बेल्ट चिरा न पडताही झिजतात. मग मित्राला इंजिन चालू करायला सांगून लांबून टेन्शनर (बेल्टला ताणून धरणारा भाग) बघितला, त्याचा आर्म सारखा थरथरत होता, तो जवळपास स्थिर राहायला हवा. इंजिन चालू असताना बेल्टजवळ हात, ओढणी, सैल बाही काही नेऊ नका, हे परत परत सांगावंसं वाटतं. आणि इंजिन बंद असलं तरी रेडिएटरचा फॅन अचानक फिरू शकतो.

दुसऱ्या मेकॅनिककडे नोंदी दाखवल्या, त्यांनी बेल्ट काढला (काढायच्या आधी तो कसा गुंडाळलाय त्याचा फोटो घ्या) आणि एकेक पुली हाताने फिरवून दाखवली. अल्टरनेटरची (बॅटरी चार्ज करणारा) गुळगुळीत फिरली, कॉम्प्रेसरची पण. टेन्शनरच्या पुलीत करकर होती, हलवली की डुगडुगत होती, बेअरिंग गेलेलं आणि आतली स्प्रिंग पण सैल. बेल्ट नवा टाकताना पहिल्यांदा हे पाच मिनिटांत तपासता आलं असतं, याचं मला अजून वाईट वाटतं. माझ्या गाडीत इंजिन गार ठेवणारा वॉटर पंप पण त्याच बेल्टवर आहे, म्हणजे बेल्ट वाटेत तुटला असता तर बॅटरीचा दिवा लागला असता आणि इंजिन तापत गेलं असतं, तसं झालं तर एक किलोमीटर पण पुढे नेऊ नका.

टेन्शनर बदलला आणि बेल्ट पण, कारण एकदा चकचकीत झालेला बेल्ट नव्या टेन्शनरवर पण घसरतो. त्याला तीन आठवडे झाले. त्याच चढावर एसी फुल लावून, गाडी भरून दोनदा गेलो, वास नाही, सकाळचा चीं आवाज पण नाही. पुलीच्या आजूबाजूची जागा फडक्याने स्वच्छ पुसून ठेवलीये, नवीन भुकटी पडली तर लगेच दिसेल म्हणून. आज सकाळी टॉर्च मारून बघितलं, अजून स्वच्छ आहे.