आमची वाटचाल: सरकीचं तेल आणि सोड्याची अफवा

अकोट तालुक्यात जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने, भरपूर, त्यामुळे सरकीची टंचाई आम्हाला कधी भासली नाही. वडिलांनी एक्स्पेलर, म्हणजे तेल गाळायचं यंत्र, बसवला, घर ढेपेवर चाललं. 1994 साली पामोलिनची, म्हणजे पाम तेलाची, आयात खुली झाली आणि कच्च्या तेलाला कोणी विचारेना. म्हणून मी छोटी रिफायनरी टाकली.

जम बसतो न बसतो तोच बाजारातल्या एका ठोक विक्रेत्याने उठवलं, ‘यांच्या तेलात कॉस्टिक सोडा राहते.’ डबे परत आले, बँकेचे हप्ते थकले. विक्रेता स्वतः मात्र पामोलिन मिसळलेलं तेल सरकीचं म्हणून खपवत होता. त्याला कोणी जाब विचारला नाही.

सोडा आम्ही टाकतो, त्यात लपवायचं काय? कच्च्या सरकी तेलातला गॉसिपॉलचा, म्हणजे सरकीतल्या रंगद्रव्याचा, काळपट लाल रंग त्याशिवाय निघतच नाही. आधी तेलात फ्री फॅटी ॲसिड, म्हणजे मोकळं आम्ल, किती आहे ते तपासायचं, त्या हिशेबाने लाय, म्हणजे सोड्याचं पाणी, सोडायची. सुरुवातीला जोरात ढवळायचं, मग तेल साठ-पासष्ट अंशांवर नेऊन स्टरर, म्हणजे ढवळणी, मंद करायचा. आमचे मिस्त्री काचेच्या ग्लासात नमुना घेऊन उजेडात धरत. काळे कण सुटे होऊन मधून सोनेरी तेल दिसलं, की ‘दाणा फुटला’ म्हणत आणि स्टरर बंद करत. ॲसिड आणि सोड्याचा झालेला साबण रात्रभर तळाशी बसू द्यायचा, तो काढून तेल गरम पाण्याने धुवायचं. धुतलेल्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकायचे. गुलाबी झालं म्हणजे सोडा शिल्लक आहे, पुन्हा धुवायचं. पुढे व्हॅक्यूममध्ये सुकवणं, रंग शोषणारी माती म्हणजे ब्लीचिंग अर्थ, ती गाळायला फिल्टर प्रेस आणि शेवटी वास काढायला डिओडोरायझर. इतक्यातून सोडा राहील कसा?

आमचे भजेवाले काकाजी एकटे ठाम राहिले. भर बाजाराच्या दिवशी आमच्याच डब्यातलं तेल कढईत ओतून ते गिऱ्हाइकांना म्हणाले, “साबण राह्यला असता तं कढई फेसानं वर आली असती. पाहा बाप्पा, आहे काय फेस?” त्यांच्यामागे एकेक हॉटेलवाला परतला. नंतरची वर्षं ठीक गेली.

नव्याने या धंद्यात येणाऱ्या पोरांनो, लाय अंदाजाने ओतू नका. जास्त झाली तर चांगलं तेलही साबणात जातं. आणि भाव वाढेल म्हणून कच्चं सरकी तेल टाकीत साठवू नका, रंग पक्का बसतो, मग कितीही ब्लीचिंग अर्थ टाका, निघत नाही.

त्या विक्रेत्याने आजवर चूक कबूल केलेली नाही. आमचा प्लांट त्याला कधीही येऊन बघता येईल.