मॉडेल शिकत असताना आपण कुठे असावे?

मशीन लर्निंगच्या, म्हणजे संगणकाला उदाहरणांवरून शिकवण्याच्या शास्त्राच्या, बहुतेक मोठ्या परिषदांची शोधनिबंध पाठवण्याची मुदत ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’ या घड्याळाने मोजली जाते, म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेपर्यंत निबंध स्वीकारला जातो. भारतीय घड्याळात ही मुदत दुसऱ्या दिवशी सायंकाळी ५ वाजून २९ मिनिटांनी संपते. ऐरोलीत राहणाऱ्याला त्यामुळे कामाचा एक आख्खा दिवस जास्तीचा मिळतो, तर व्हँकुव्हरमध्ये असलेल्याला उन्हाळ्यात पहाटे पाचपर्यंत जागत बसावे लागते. प्रवासाचे वेळापत्रक आखताना मी प्रथम या तारखा लिहून काढतो, आणि तिकिटांचे दर त्यानंतर पाहतो.

आम्हा मशीन लर्निंग संशोधकांचे काम लॅपटॉपवर चालते, तेव्हा ते जगात कुठूनही करता येते, असे नातेवाईक आणि काही सहकारीही गृहीत धरतात. रबाळे-महापे पट्ट्यात डेटा सेंटरच्या अवाढव्य इमारती रोज नजरेस पडतात, पण माझी मॉडेले, म्हणजे डेटावरून शिकणारे प्रोग्रॅम, ज्या जीपीयूंवर (अशा आकडेमोडीसाठीच्या वेगवान चिपांवर) शिकतात ते परदेशात भाड्याने घेतलेले आहेत. मी ऐरोलीत आहे की व्हिएतनाममध्ये, याने त्यांना काहीच फरक पडत नाही. फरक मला पडतो, आणि तो संशोधन कोणत्या टप्प्यावर आहे यावर अवलंबून असतो.

पहिल्या टप्प्यात प्रयोग लहान असतात. लर्निंग रेट, म्हणजे मॉडेल किती मोठ्या पावलांनी शिकते तो आकडा, बदलायचा, थोडा वेळ मॉडेल चालवायचे, आलेख पाहायचा आणि पुन्हा बदलायचा, असे दिवसभर चालते. मध्येच लॉसच्या, म्हणजे मॉडेल किती चुकते ते सांगणाऱ्या मापाच्या, जागी आकड्याऐवजी ‘नॅन’ (‘हा आकडा नाही’) दिसू लागते. किंवा निकाल संशयास्पद वाटावा इतका चांगला येतो, आणि शोध घेतल्यावर चाचणीची काही वाक्ये प्रशिक्षणाच्या डेटामध्येच शिरलेली आढळतात. अशा वेळी शेजारच्या खुर्चीवर सहकारी, मोठा पडदा आणि सलग शांत तास लागतात. विमानतळावरच्या बाकावर किंवा दर तीन दिवसांनी बदलणाऱ्या हॉटेलच्या खोलीत हे काम नीट होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

नंतरचा टप्पा वेगळा असतो. आता अ‍ॅब्लेशन करायचे असते, म्हणजे पद्धतीतील एकेक भाग काढून मॉडेल नव्याने शिकवायचे, तेही निरनिराळे रँडम सीड (शिकण्याची यादृच्छिक सुरुवात ठरवणारे आकडे) वापरून, म्हणजे मिळालेली सुधारणा निव्वळ योगायोग नाही याची खात्री पटते. यादी ठरलेली असते, एकेक प्रयोग दिवसच्या दिवस चालतो, ठरावीक अंतराने चेकपॉइंट, म्हणजे तोपर्यंत शिकलेल्या मॉडेलच्या प्रती, जतन होत राहतात, आणि टीमक्स या प्रोग्रॅममध्ये सुरू केलेले काम लॅपटॉप मिटला तरी सर्व्हरवर चालूच राहते. विरजण लावलेल्या भांड्याचे झाकण सारखे उघडू नये, तसाच हा काळ असतो. अर्धवट आलेख पाहून एखादा प्रयोग मध्येच थांबवण्याचा मोह संशोधकाला फार होतो. ज्या सीडचे निकाल सुरुवातीला वाईट दिसतात तोच नेमका थांबवला, तर उरलेली सरासरी खोटी ठरते. म्हणून या टप्प्यात आपण दूर असणे कामाच्या दृष्टीनेही हिताचे आहे, असे मला वाटते.

न्यूरिप्स या मशीन लर्निंगच्या मोठ्या वार्षिक परिषदेचे निबंध मे महिन्यात जातात आणि परीक्षकांचे अभिप्राय जुलैच्या अखेरीस येतात. मधला काळ त्यामुळे मोकळा मिळतो. नवी मुंबईत तेव्हा धो धो पाऊस असतो, पण मध्य व्हिएतनामचा पावसाळा सप्टेंबरच्या सुमारास सुरू होत असल्याने तिथले दा नांग शहर जून-जुलैत कोरडे असते. ऊन मात्र कडक असते. व्हिएतनामचा ई-व्हिसा २०२३ पासून ९० दिवसांचा मिळतो. पर्यटक व्हिसावर नोकरीचे काम करण्याची मुभा बहुतेक देशांत नसते, म्हणून मी रीतसर रजा घेऊनच जातो. थायलंडने २०२४ मध्ये दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांचा डीटीव्ही व्हिसा सुरू केला आहे, पण त्यासाठी पाच लाख बाट खात्यात दाखवावे लागतात आणि कंपनीच्या डेटा-धोरणाचा प्रश्न तरीही उरतोच.

परिषदेच्या निमित्ताने होणारा प्रवास मला सर्वांत योग्य वाटतो, कारण तिकिटाचा खर्च बहुधा संस्था करते आणि परिषद आटोपल्यावर आठवडाभर रजा जोडता येते. अडचण व्हिसाची असते. २०१८ मध्ये मॉन्ट्रियलच्या न्यूरिप्सला अनेक आफ्रिकी संशोधकांना कॅनडाचा व्हिसा नाकारला गेला, त्यावर मोठी चर्चा झाली. आयसीएलआर ही याच क्षेत्रातली दुसरी मोठी परिषद २०२० मध्ये इथिओपियातील अदिस अबाबाला भरणार होती, ती महासाथीमुळे ऑनलाइन झाली, आणि अखेर आफ्रिकेत २०२३ मध्ये, रवांडातील किगालीला, भरली. २०२५ मध्ये न्यूरिप्सने सॅन डिएगोच्या जोडीला मेक्सिको सिटीतही परिषद भरवली. भारतीय पारपत्रावर मेक्सिकोलाही व्हिसा लागतो, परंतु अमेरिका, कॅनडा, जपान, ब्रिटन किंवा शेंगेनचा (युरोपातील अनेक देशांचा सामाईक) वैध व्हिसा जवळ असल्यास पर्यटनासाठी किंवा परिषदेसाठी वेगळा काढावा लागत नाही.

म्हणून व्हिएन्नासारख्या ठिकाणी परिषद असेल, तर निबंध स्वीकारल्याचे पत्र येताच शेंगेनचा अर्ज करावा; प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो करता येतो. एप्रिल २०२४ पासूनच्या नियमानुसार, तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नियमाप्रमाणे वापरणाऱ्या भारतीयाला सामान्यतः दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा.